गोबरगॅसची नावबदली
चौऱ्याऐंशी साली शालिकरामजींनी हुडकेश्वरचं घर विकलं आणि ते मुलाकडे बुटीबोरीला राहायला गेले, तेव्हा शेजारच्या वच्छलाबाईंना काळजी पडली ती नळीची. शालिकरामजींच्या अंगणात गोबरगॅस होता. त्यांच्या दोन जनावरांच्या शेणात तो पुरा चालत नसे. म्हणून सहा वर्षांपासून वच्छलाबाई आपल्या दोन म्हशींचं शेण रोज सकाळी तिथे नेऊन टाकत, आणि कुंपणाखालून आलेल्या नळीवर त्यांची शेगडी पेटे. लिहिलेलं कुठे काही नव्हतं.

नवे मालक मधुसूदनजी रेल्वेतून रिटायर झालेले. सारे त्यांना गार्डसाहेबच म्हणत. त्यांनी नळी बंद केली नाही. पण टाकीवरचं लोखंडी झाकण गंजत आलं होतं, आणि दुरुस्तीची सरकारी मदत ज्याच्या नावावर गोबरगॅस त्यालाच मिळणार होती. नाव बदलायचं तर नव्या नियमाप्रमाणे दारात चार जनावरं दाखवायची. गार्डसाहेबांकडे गाई दोनच.

सोमवारी संध्याकाळी ते कुंपणाशी आले.

"वच्छलाबाई, उद्या साहेब येऊन राहिले मोजणीले. तुमच्या म्हशी एक दिवस माझ्या गोठ्यात बांधा."

"बांधतो ना. पण इचारलं तं?"

"मी सांगीन माझ्या हायेत म्हणून. तुमी काही बोलू नका."

वच्छलाबाई हो म्हणाल्या. नाही कसं म्हणायचं? भाकरी ज्या जाळावर भाजायची तो त्यांच्या अंगणातून यायचा. पण भाकऱ्या थापताना मनात एकच चाललं होतं. म्हशी एकदा कागदावर त्यांच्या झाल्या, तर उद्या नळी कशाच्या जोरावर मागायची? हा माणूस भला आहे. याच्यामागून येणारा कसा असेल?

मंगळवारी त्यांनी म्हशी नेऊन बांधल्या. तालुक्याहून आलेले साहेब वहीत लिहू लागले.

"चार. सगळी तुमचीच?"

"हो," गार्डसाहेब म्हणाले.

नेमकी धाकटी म्हैस वच्छलाबाईंकडे मान वळवून रेकली. साहेबांनी वर पाहिलं. "बाई, तुम्ही कोण?"

"शेजारीण," वच्छलाबाई म्हणाल्या. मग म्हशीच्या मानेवर हात ठेवत म्हणाल्या, "म्हशी माह्या हायेत. शेण माह्यं येते इथं, अन् गॅस माह्या घरी जाते. खोटं मले नाही जमत, साहेब."

साहेब नळीच्या कडेकडेने चालत वच्छलाबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत गेले, शेगडी पाहिली आणि परत आले. "अर्जात दोन घरांसाठी जागाच नाही. दोघं मिळून चालवतो असा करारनामा आणा, मग पाहू." वही मिटून ते निघून गेले.

गार्डसाहेब घरात गेले. वच्छलाबाईंनी म्हशी सोडून आणल्या. आता नळी बंद होणार असं धरून त्यांनी मातीची चूल सारवून ठेवली.

पण दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली. त्याही शेणाची टोपली घेऊन गेल्या. गार्डसाहेब धोतर खोचून शेण-पाणी कालवत होते. त्यांनी टोपली हातातून घेतली, बोलले मात्र नाहीत. आठ दिवस असेच गेले. वच्छलाबाईंना तो अबोला चुलीच्या धुरापेक्षा जड वाटला.

नवव्या दिवशी ते स्टॅम्पपेपर घेऊन आले आणि ओसरीवर बसून वाचू लागले. जोवर शेण येईल तोवर गॅस जाईल. घर पुन्हा विकलं तरी नव्या मालकावर हे बंधन राहील.

"अन् म्हैस आटली, इकावी लागली तं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

 गार्डसाहेबांनी खिशातून पेन काढून समासात लिहिलं, की एक वर्ष तरीही गॅस मिळेल. "तुमी त्या दिवशी बोलल्या, तेव्हा राग आला मले," मान वर न करता ते म्हणाले. "चाळीस वर्षं गार्डाच्या वहीत एक खोटी नोंद केली नाही मी. अन् इथं दोन म्हशींसाठी..."

वच्छलाबाईंनी एकेक अक्षर जुळवत सही केली.

दिवाळीनंतर मंजुरी आली. मालक म्हणून गार्डसाहेबांचं नाव होतं, आणि खाली शेऱ्यात होतं: श्रीमती वत्सलाबाई, म्हशी दोन.

"नाव चुकवलं त्याईनं," गार्डसाहेब म्हणाले. "दुरुस्तीले जाऊ का उद्या?"

"राहू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हशी बरोबर लिवल्या ना."