सातव्या लेव्हलची सुनंदा

भोपाळच्या जवाहर चौकातल्या अर्ध्या लोकांना उदय सरवटेने कधी ना कधी गंडवलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांना ते अजून कळलं नव्हतं. वय सत्तेचाळीस, फ्लेक्स छापायचं दुकान, डोक्यात कायम वळवळता किडा. खोडी उघडी पडली की सगळ्यांच्या आधी तोच हसायचा आणि समोसे मागवायचा. एकच खोडी त्याने एकोणतीस वर्षं पोटात दाबून ठेवली होती. त्याच्या जिगरी दोस्ताची, श्रीकांत मुळ्येची.

शहाण्णव साली दिल्लीहून 'गेम धमाका' नावाचं मासिक यायचं. शेवटच्या पानावर वाचकांनी पाठवलेल्या ट्रिका, आणि प्रत्येकीखाली पाठवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्त्यासकट. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. उदयने एक ट्रिक ठोकून दिली: बाइकच्या गेममध्ये सातव्या लेव्हलला पुलावर थांबा, पाच सेकंदांत एकोणपन्नास वेळा 'अप' दाबा, गाडीला पंख फुटतील. मुलीचं नाव असलं की लवकर छापतात, म्हणून खाली लिहिलं 'कु. सुनंदा देव', आणि टी.टी. नगरच्या सरकारी वसाहतीतला मनाला येईल तो क्वार्टर नंबर.

छापलं की हो! चौकट टाकून छापलं.

श्रीकांतने तो उन्हाळा पुलावरच काढला. गेमचे दोन रिमोट मोडले, अंगठ्याला पट्टी बांधली, गणितात सप्लिमेंटरी आली. पंख काही फुटले नाहीत. छापलेल्या पत्त्यावर तिला शोधायला गेला, तर दारातूनच हाकललं. "माझाच स्पीड कमी पडतो यार," तो म्हणायचा. "ती पोरगी जीनियस आहे." उदय सांगणारच होता, पण ती पट्टी बघून म्हटलं, उद्या सांगू. मग राहूनच गेलं. पुढे श्रीकांत एम.पी. नगरच्या कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायला लागला आणि दर बॅचला सुनंदेची गोष्ट सांगू लागला: जमत नाही म्हणजे होत नाही असं नसतं, पोरांनो! आता खरं सांगायचं तर दोस्तीच तुटायची.

यंदा मुळ्ये मंडळी कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये जायला निघाली. "त्या मासिकांना नव्या घरात जागा नाही," अश्विनीने नवऱ्याला बजावलं. म्हणून श्रीकांतने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: रविवारी सकाळी जुन्या गेम मासिकांचं प्रदर्शन, पोहे-जलेबी आमच्याकडून, आणि सुनंदा देव कुणाला माहीत असल्यास कळवावे.

शनिवारी उदयला श्रीकांतचा फोन आला.

"अबे, सापडली!"

"कोण?"

"सुनंदा देव! स्वतःहून मेसेज केला तिने. रविवारी येतेय!"

उदयचा चहा नाकात गेला. जी बाई जन्मालाच आली नाही, ती येणार कशी? आणि ही खोटी आहे असं सांगायचं, तर तुला कसं माहीत, हा पुढचा प्रश्न येणारच.

रविवारी ती आली. पंचेचाळिशीची, चष्मा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. श्रीकांत कमरेत इतका वाकला की पोह्यांची प्लेट कलंडली. बाइकचा तो जुना गेम त्याने टीव्हीला जोडूनच ठेवला होता.

"मॅडम, बसा. एकदा, फक्त एकदा करून दाखवा."

बाईंनी रिमोट हातात घेतला, तोही उलटा. "आता कुठलं जमायला," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? ट्रिक माझी नव्हतीच. पुण्याच्या मावसभावाने सुचवली होती."

उदय भिंतीला टेकून उभा होता. तोंड उघडायचं नाही, असं घरून ठरवूनच आला होता.

"म्हणजे पंखांची आयडिया त्यांची?" श्रीकांतने विचारलं.

"सगळीच त्याची. तो फार हुशार. आमच्या भोपाळमध्ये कुणाला सुचणार असलं?"

"मावसभाऊ?" उदय तडकला. "कसला डोंबलाचा मावसभाऊ! संडासात बसल्या बसल्या सुचली होती ती मला! कुणाच्या बापाची मदत नव्हती!"



बाईंनी रिमोट शांतपणे खाली ठेवला. "सापडलात. मी सुरुची हिवरकर. तुम्ही ठोकून दिलेलं ते क्वार्टर आमचं होतं."

पिशवी टेबलावर उपडी झाली. पत्रंच पत्रं, सगळी 'कु. सुनंदा देव' या नावाने. धनबाद, कोल्हापूर, जमशेदपूर, कानपूर.

"माझे बाबा नागपूरचे, इथे वल्लभ भवनात, मंत्रालयात, कारकून. त्यांना वाटलं, पोरगी नाव बदलून मुलांशी पत्रव्यवहार करते. दोन महिने पोस्टमन यायच्या वेळी मला आतल्या खोलीत बसवायचे. ग्रुपवर यांचा मेसेज वाचला आणि म्हटलं, आपणच सुनंदा होऊन जावं. ट्रिकचं श्रेय दुसऱ्याला दिलं की ज्याला राग येईल, तोच ती ठोकून देणारा."

सवयीने उदय आधी हसला. साथीला कुणीच आलं नाही.

"म्हणजे पंख..." श्रीकांत म्हणाला.

"नाहीत यार."

"वेगाने दाबलं तरी?"

"त्या गेममध्ये साधी चिमणीसुद्धा नाही, श्रीकांत. सॉरी."

 श्रीकांत उठला, बाइक सातव्या लेव्हलच्या पुलापर्यंत नेऊन थांबवली, रिमोट उदयच्या हातात कोंबला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

"दाब. पाच सेकंदांत एकोणपन्नास. झाल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि माझ्याशी बोलायचं नाही."

"अरे, मशीनलासुद्धा जमणार नाही!"

"तूच लिहिलंयस ना?"

"मी मोजते," सुरुचीताई खुर्ची ओढत म्हणाल्या. त्यांनी हातात जलेबी घेतली.

पहिल्यांदा सव्वीस. मग एकोणतीस. अश्विनीने पोह्यांची भांडी उचलली, पाहुणे पांगले. बारा वाजता तेहेतीस. उदयने शर्टच्या बाह्या वर केल्या.

"बास आता," अश्विनी म्हणाली. "शिक्षा झाली. सोड रे त्यांना."

"थांबा हो वहिनी," उदय मान न वळवता म्हणाला. "अंगठा नाही, नख वापरायचं. आत्ता कळलं मला. श्रीकांत, पुन्हा लाव."

"अडतीस!" सुरुचीताई ओरडल्या.

"अबे, कोपर खाली ठेव," श्रीकांत म्हणाला. अबोल्याची अट तो स्वतःच विसरला होता. "एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे माझा. असं."

पुढच्या खेपेला एक्केचाळीस झाले. उदय टीव्हीच्या काचेला नाक लावून बसला.

"श्रीकांत. मागच्या चाकापाशी काहीतरी हललं."

"गप, पुन्हा नको सुरू करू."

"आईशप्पथ."

श्रीकांतने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. मग खुर्ची पुढे ओढली.

"कुठे?"