नाकातलं शिसं

"थांब! तो गोंद नको. झटपट चिकटतो खरा, पण त्याच्या वाफेनं काच धुरकट होते," मर्ल ओरडला. "पांढरा घे, पोरांच्या हस्तकलेचा."

"ओरडू नकोस. दचकून माझाही हात थरथरायला लागेल, मग बसू दोघं मिळून," आर्लीन म्हणाली आणि वैमानिकाच्या डोक्यावरची इवलीशी काच तिनं चिमट्यानं अलगद बसवली.

ओहायोतल्या त्यांच्या तळघरात सकाळपासून हेच चाललं होतं. मर्लची सारी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करण्यात गेली आणि उरलेला वेळ प्लास्टिकची विमानं जोडण्यात. दोन वर्षांपूर्वी त्याची बोटं थरथरू लागली, तेव्हापासून हात आर्लीनचे आणि जीभ त्याची. उद्या शाळेच्या जिममध्ये त्याच्या विमानं जोडणाऱ्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं आणि मर्लच्या पायाला भिंगरी लागली होती. बसायचा, उठायचा, जिन्यापर्यंत जायचा, परत यायचा.

आर्लीनचाही जीव थाऱ्यावर नव्हता, पण तिचं कारण वेगळं होतं. "डॅड हल्ली विसरतात गं," असं लेक डनीस फोनवर दोनदा म्हणाली होती. "हात थरथरतात त्याचे, डोकं शाबूत आहे," असं आर्लीननं तिला ठणकावलं होतं. हे दोन इंजिनांचं बाँबर म्हणजे तिचा पुरावा. सूचनांचा कागद न बघता मर्लनं एकेक पायरी सांगितली होती. भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिच्यावरून तोडताना थोडं बोंड ठेव, मग घास. पंखांवरची चित्रं चिकटवण्याआधी चकचकीत थर दे, नाहीतर खाली हवा राहून चंदेरी डाग पडतात.

चाकांचा गोंद वाळला.

"ठेव टेबलावर," मर्ल म्हणाला.

तिनं ठेवलं. विमानानं नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं. तिनं उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

पुढे चाक असलेल्या अशा विमानाच्या नाकात गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या भरायच्या असतात, तेही धडाची दोन्ही अर्धुकं जोडण्याआधी. क्लबात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला मर्लनं चाळीस वर्षं पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. कुणी विसरला की महिनाभर त्याची टर उडवायचा.

मर्लचे कान लाल झाले होते.

"माझंच चुकलं," आर्लीन घाईघाईनं म्हणाली. "तू सांगितलं होतंस. दोनदा सांगितलंस. माझं मेलीचं लक्ष सूपकडे."

"किती गोळ्या सांगितल्या होत्या?"

ती अडखळली. "पाच."

मर्लनं तिच्याकडे नीट पाहिलं. छप्पन्न वर्षांच्या संसारात या बाईला एकदाही धड खोटं बोलता आलं नव्हतं.

"बरोबर," तो म्हणाला. "पाचच."

मग तो पुन्हा उठला. "पंखे बसवायचेत अजून. इंजिनांची तोंडं उघडी आहेत, त्यात भर शिसं. गच्च भर."

तिनं भरलं. विमान डुगडुगलं आणि तीन चाकांवर उभं राहिलं. आर्लीननं सुटकेचा निःश्वास टाकला. मर्लला मात्र चैन पडेना.

"वही आण."

"आत्ता? सूप गार होईल."

"होऊ दे गं. सुरुवातीपासून सगळं लिहून घे. मला सांगता येतंय तोवर घे लिहून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती वही घेऊन आली. मर्ल फेऱ्या मारत भराभर सांगू लागला. भाग आधी साबणाच्या पाण्यात धू, साच्याचं तेल निघतं. गोंद लावण्याआधी कोरडेच जोडून बघ. शिसं. काच शेवटी. आर्लीन मान खाली घालून लिहीत होती. थोड्या वेळानं त्यानं साबणाच्या पाण्याचं पुन्हा सांगितलं. तिनं ते पुन्हा लिहून घेतलं.