टाकीत पाणी दिसता कामा नये

रिकामी जागा दिसली की काही माणसांचे हात शिवशिवतात. आपल्या गोष्टीतले मालक त्यांतलेच. माशांची बोटाएवढी पिल्लं, ज्यांना धंद्यात बोटुकली म्हणतात, ती सिमेंटच्या टाक्यांत वाढवून तळेवाल्यांना विकायची, हा त्यांचा व्यवसाय. टाकीत पाणी दिसता कामा नये, मासेच दिसले पाहिजेत, हा त्यांचा नियम. तो त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. रिकामी जागा त्यांनी तेवढी तिथेच सोडली होती.

थोरली बहीण धंद्यात भागीदार होती. तिने हट्टाने एक टाकी विरळ ठेवली होती. तिथली पिल्लं एकसारख्या अंगाची, धडधाकट. भावाच्या टाक्यांत मात्र चार-दोन दांडगट खाद्य मटकावून फुगलेले आणि बाकीची काडीसारखी, शेपट्या कुरतडलेली. ताईने हे कितीदा दाखवलं! मालक तिच्या टाकीला लाडोबांची टाकी म्हणत. गर्दीत वाढलेला मासा चिवट होतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतः साहेब मात्र मोठ्या खोलीत एकटे झोपत, कारण दुसऱ्याच्या घोरण्याने त्यांची झोपमोड होई.

एका सकाळी तळेवाली बाई माल पाहायला आली. गेल्या साली तिचं तळं रिकामंच राहिलं होतं. यंदा घराची सगळी भिस्त या पिल्लांवर होती. मालक तिला ऑफिसात बसवून आपलीच कीर्ती ऐकवत असताना वीज गेली. टाक्यांत हवा सोडणारे पंप थांबले. मालकांचं तोंड काही थांबलं नाही.

बऱ्याच वेळाने ते बाईंना घेऊन टाक्यांपाशी आले. मालकांच्या टाक्यांतली सगळी पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. मालक हरखले! पिल्लं किती तरतरीत आहेत म्हणत त्यांनी खाद्याची मूठ भिरकावली. एकानेही ते तोंडात घेतलं नाही.

ताई धावत आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"ती जेवायला वर आलेली नाहीत. त्यांना श्वास पुरत नाहीये."

"अगं, पंप आत्ताच तर बंद पडलाय."

"माझ्या टाकीतलाही बंदच आहे. जा, तिथे बघून ये."

विरळ टाकीत पिल्लं तळाशी निवांत फिरत होती. मालक परत येईपर्यंत त्यांच्या टाक्यांत पांढरी पोटं वर यायला लागली होती. तळेवालीने कुणाला न विचारता जाळी उचलली. ती आणि ताई बादल्या भरभरून पिल्लं दारातल्या कारंज्याच्या हौदात नेऊ लागल्या. पाहुण्यांना दाखवायला बांधलेला तो हौद पहिल्यांदाच कामाला आला. शेवटी मालकही बुटांसकट टाकीत उतरले.

अर्धी वाचली, अर्धी गेली. तळेवालीने ताईच्या टाकीतली पिल्लं घेतली आणि मालकांकडे न बघता निघून गेली. मेलेल्या पिल्लांनी भरलेली पाटी हातात घेऊन मालक उभे होते. त्यांना खरोखरच रडू येत होतं.

"ताई, एका टाकीत किती सोडायची गं?"

"पंप बंद पडला तरी मदत येईपर्यंत तग धरतील, तेवढीच."

वाचकहो, मालकांना हसणं सोपं आहे. पण वर्ग, वसतिगृहं, गाड्या भरताना आपणही किती मावतील एवढंच विचारतो, आणि किती नीट जगतील हे विचारणाऱ्याला लाडावलेला ठरवतो. तो प्रश्न विचारायला मालकांना पाटीभर मेलेली पिल्लं लागली. आपल्याला किती लागणार आहेत?