आत्यांना कुणी सांगायचं?

मोतूहिना बेटावर शाळा बांधून तयार झाली, पण बेटावर शाळेच्या वयाचं एकही पोर नव्हतं. सहा वर्षांचं झालं की पोराला होडीत बसवायचं आणि मोठ्या बेटावर, पांगाईला कुणा आत्याकडे, आजीकडे धाडून द्यायचं, ही तिथली जुनी रीत. गावात एरवी दिसायची ती रांगती बाळं, म्हातारी माणसं आणि डुकरं. लाल पत्र्याच्या नव्याकोऱ्या इमारतीत पहिलं पाऊल टाकलं तेही एका गाभण डुकरिणीनंच.

जुलैत शाळा उघडायची होती. त्याआधी घरोघर जाऊन आईबापांची तयारी करून घ्यायचं काम लोसालिनेनं मागून घेतलं. गावाला वाटलं, हिला मिरवायची हौस. हौस होतीच, नाही असं नाही. पण खरं कारण तिची लेक. ओफेइना चार वर्षांची होती तेव्हा लोसालिनेची नणंद मेलेनाइते पांगाईहून आली, पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ही माझ्याकडे राहील." झालं. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं डुक्कर मागावं, चटई मागावी, पोर मागावं. भावानं मान हलवायची. लोसालिनेच्या नवऱ्यानं, केपुएलीनं, हलवली. लोसालिनेनं पोरीचे कपडे बांधून दिले, आणि त्या दिवशी रताळी जरा जास्तच जोरात सोलली. याला तीन वर्षं होऊन गेली.

आता शाळाच दारात आली, तर पोर परत येईल, असा तिचा सरळ हिशेब होता.

ती घरोघर फिरू लागली. आयांना सांगायची, पोरांना सकाळी उठवावं लागेल, केस विंचरावे लागतील, डबा द्यावा लागेल. वर्षानुवर्षं ही कामं पांगाईच्या बायकांनी केली होती. इथल्या आयांना पोरं ठाऊक होती ती नाताळात पाहुण्यासारखी येणारी. बापांना सांगायची, पोरगं शाळेतून आलं की लगेच नारळ सोलायला बसवू नका.

"मग कधी बसवू?" शेजारचा मोआला म्हणाला. "तो डॉक्टर झाल्यावर?"

"डॉक्टर झाला तर तुझंच डोकं तपासेल आधी," लोसालिने म्हणाली.

शेजारची म्हातारी व्हिका ओट्यावर केवड्याच्या पाती चिरत बसायची. तिची जीभ त्या पातीच्या काट्यापेक्षा धारदार. "लोसा, सगळ्या गावाची पोरं आणतेस, तुझी कधी आणतेस? नणंदेला विचारलंस का?"

"विचारीन की."

"विचारशील! वाघिणीच्या गुहेत शिरणारी बघा."

लोसालिने हसण्यावारी न्यायची. विचारायचं होतंच तिला. पण नणंदेला असं उठून विचारता येत नाही. भाजलेलं डुक्कर हवं, लांब याम कंद हवेत, चांगली चटई हवी, आणि नवऱ्याकडचं कुणीतरी वडीलधारं बोलायला हवं. केपुएली स्वतः बोलणार नव्हता. बहीण खोलीत आली की रिवाजानं, मान राखून, तो उठून बाहेर जाणारा माणूस. लोसालिने म्हणायची, पुढच्या होडीला बघू. मग त्याच्या पुढच्या.

तेवढ्यात राजधानीहून रेडिओवाला आला.

चांगला गोड बोलणारा होता. नव्या शाळेसमोर त्यानं लोसालिनेच्या तोंडापुढे माईक धरला आणि विचारलं, कसं वाटतंय? आणि लोसालिनेला इतकं छान वाटत होतं की ती बोलत सुटली. आमची मुलं घरी येणार, म्हणाली. सगळीच्या सगळी. माझी ओफेइनासुद्धा. आता आमच्या लेकरांना दुसऱ्यांच्या दारात राहायची गरज नाही.

तो कार्यक्रम लागला तेव्हा केपुएली बाकीच्या पुरुषांबरोबर कावाच्या मुळ्यांचं पेय पीत बसला होता. घरी आला तो तोंड उतरवून. उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताईला सांगितलं होतंस?"

"सांगणार होते."

"म्हणजे तिनं रेडिओवर ऐकलं."

लोसालिनेच्या हातातली थाळी तशीच राहिली. बोलताना तिच्या डोळ्यांसमोर ओफेइना होती, गावातल्या आया होत्या. रेडिओला पांगाईतही कान असतात हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दुसऱ्यांच्या दारात," केपुएली हळूच म्हणाला. "माझ्या बहिणीचं दार दुसऱ्याचं?" त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या आठवड्याच्या होडीनं नणंदेकडून काहीच आलं नाही. एरवी पाव यायचा, साबण यायचा, ओफेइनानं काढलेलं एखादं चित्र यायचं. रविवारी प्रार्थनेनंतर पोरीचा फोन यायचा, तोही आला नाही. लोसालिनेनं केला, तर वाजून वाजून थांबला. आणखी एक गंमत झाली. ज्या आयांनी माना डोलावल्या होत्या, त्या एकेक करून मागे सरू लागल्या. मोआलाची बायको म्हणाली, "आमच्या पोराची आत्या म्हणते, दुसऱ्याच्या दारातून पोर नेताय तर न्या, पण मग पुन्हा तोंड दाखवू नका." एवढं ऐकल्यावर कोण पोर आणणार? शाळा उघडायला पंधरवडा उरला होता. पोरं नसली तर शिक्षण खातं मास्तरांना परत बोलावून घेणार होतं. आणि ओफेइना? ती तर आता कायमचीच पांगाईची झाली, असं लोसालिनेला दिसू लागलं.

"जा," व्हिका म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात काटा नव्हता. "डुक्कर माझं ने. आणि ती नवी चटई राहू दे घरी. माझ्या आजीची फाटकी देते, ती बांध कमरेला."

मोतूहिनात चूक कबूल करायची ती अशीच: जुनी, झिरझिरीत, मोठी चटई कमरेला गुंडाळायची आणि दाराबाहेर खाली बसायचं. तोंडानं काही बोलावं लागत नाही. चटई बोलते.

होडीत सगळ्यांनी तिच्या कमरेकडे पाहिलं आणि कुणी काही विचारलं नाही. पांगाईच्या धक्क्यापासून नणंदेच्या घरापर्यंत ती तशीच चालत गेली. दुकानात उभी असलेली माणसं बाजूला झाली.

मेलेनाइते चार बायकांबरोबर मागच्या पडवीत चटई विणत होती. लोसालिनेनं डुक्कर पायरीशी ठेवलं, खाली बसली, मान खाली घातली. बायकांची बोटं थांबली. नणंदेची थांबली नाहीत. तिनं हातातली ओळ संपवली, दुसरी सुरू केली. कोंबडी येऊन लोसालिनेच्या चटईच्या दशा टोचून गेली.

शेवटी आवाज आला. "रेडिओवाली बाई आली का?"

"वन्सं, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"हं." मेलेनाइतेनं पात ओढली. "पोर माझ्या भावाची. ती तुझ्याकडे झोपो नाहीतर माझ्याकडे, माझीच आहे. तिला नेशील म्हणून मला राग नाही आला गं. पण या चौघी इथंच बसल्या होत्या. मी इस्त्री करत होते. तिच्या शाळेच्या फ्रॉकला. आणि त्या डबड्यातून तू म्हणालीस, दुसऱ्यांच्या दारात." तिनं पात पुन्हा ओढली. "फ्रॉक जळला माझा."

चौघींपैकी एक जाडशी बाई फिसकन हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. ती मोआलाच्या पोराची आत्या होती, हे लोसालिनेला नंतर कळलं.

"आम्हाला काय सांगितलंत तुम्ही?" ती जाडशी बाई म्हणाली. "तिकडच्या आयांना म्हणे घरोघर जाऊन सांगता. केस कसे विंचरायचे, डबा कसा द्यायचा. आमच्याकडे कोण आलं? पाच वर्षं माझ्या कुशीत झोपतो तो. आता जुलैत रिकाम्या कुशीचं मी काय करायचं, ते कुणी शिकवणार आहे का?"

गावात लोसालिने घरोघर गेली होती; या पडवीत यायचं तिला सुचलंच नव्हतं. ती मान खाली घालून बसून राहिली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की ही फाटकी चटई आपण बांधली ते नुसत्या रिवाजासाठी नाही.

इतक्यात ओफेइना शाळेतून आली. उंच झाली होती. पायरीशी आई बसलेली बघून थबकली, वाकून तिच्या गालाचा वास घेऊन मुका घेतला, आणि दप्तर टाकून सरळ आत्याच्या पाठीला जाऊन लटकली. आत्यानं मागे न बघताच हात नेऊन तिची वेणी चाचपली. किती सवयीचा होता तो हात.

"आई मला न्यायला आली?" पोरीनं आत्याच्या कानात विचारलं, पण पडवीला ऐकू जाईल असं. "मग तुला कोण नेणार?"

मेलेनाइते उठली. खाली उतरून लोसालिनेसमोर आली, दंडाला धरून तिला उठवलं, आणि तिच्या कमरेची चटई स्वतःच्या हातांनी सोडली. माफीचं काम तेवढ्यानं संपलं. "डुक्कर कुणाचं?" तिनं विचारलं.

"व्हिकाबाईचं."

"वाटलंच. तुझं एवढं माजलेलं नसतं."

लोसालिने परतीच्या होडीनं निघाली नाही. चार दिवस राहिली. मोतूहिनाची पोरं ज्या ज्या घरी होती, त्या त्या घरी गेली. मेलेनाइते पुढे, ती मागे. काय सांगायचं ते ठरवून गेली नव्हती, म्हणून तिनं फारसं काही सांगितलं नाही. बसली. दिलं ते खाल्लं. बायकाच बोलत राहिल्या: आमचा कसा झोपेत चालतो, आमची कशी माशाचं डोकं भांडून घेते. कुणी भांडली, कुणी रडली, एका म्हाताऱ्या आजीनं तिला तासभर बाहेर उभं ठेवलं. प्रत्येक घरातून निघताना लोसालिने एकच विचारायची, तुम्ही स्वतः पोचवायला याल का? आम्ही न्यायला येणार नाही. तुम्ही आणून द्याल तरच.

शेवटच्या दिवशी नणंदेनं विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. वन्सं, मला वाटलं, नेणं आणि देणं यात..."

"राहू दे," मेलेनाइते म्हणाली. "रेडिओवर नको बोलूस म्हणजे झालं."

शाळा उघडली त्या सकाळी होडी काठोकाठ भरून आली. आत्या, आज्या, सगळ्या काळ्या पोशाखात, कमरेला सणावाराच्या उत्तम चटया, मांडीवर लाल गणवेशातली पोरं. गावानं त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. आया मागे उभ्या राहिल्या. मोआला डुकरं भट्टीतून काढता काढता म्हणाला, "बघा, बायका घरच्या आणि मान पाहुण्यांना!" तर व्हिका म्हणाली, "तू पुढच्या जन्मी आत्या हो."

मास्तरांनी घंटा वाजवली. मेलेनाइतेनं ओफेइनाला दारापर्यंत नेलं. लोसालिने लांबच थांबली. आज तो मान तिचा नव्हता. पोर आत गेली. नणंद मिनिटभर त्या लाल पत्र्याखाली उभी राहिली, मग सरळ लोसालिनेकडे आली आणि बोलू लागली ती थांबेचना.

"केसांना तेल कोमट करून लाव, थंड लावलं तर शिंकते. तारोचा कंद मऊ शिजव. रागावली की बोलत नाही, जेवत नाही. समजूत घालायला जाऊ नकोस, शेजारी बसून आपलं काम करत राहा, येते आपोआप. झोपताना पाय टाकते अंगावर. काढू नकोस. आणि पहिले काही दिवस मला हाक मारेल. तुला हाक मारायला जाईल आणि तोंडातून माझं नाव येईल. मनाला लावून घेऊ नकोस, कळलं?"

लोसालिने मान हलवत राहिली. गावातल्या प्रत्येक आईची तयारी तिनं करून घेतली होती. तिची स्वतःची कुणी करून घेतली नव्हती, ती आत्ता चालली होती, शाळेच्या अंगणात, भरल्या लोकांत.

"सांगते ते ऐकतेस ना, लोसा?"

"ऐकते, वन्सं."

भरती ओसरायच्या आत आत्यांना घेऊन होडीला निघावंच लागलं. शाळा सुटली तेव्हा ती खाडीच्या तोंडाशी पोचली होती. पोरं बाहेर आली, आणि जी ती आपल्या आत्याला शोधू लागली. ओफेइना फाटकाशी आली, अंगण नजरेनं चाळलं.

"आत्या?"

लोसालिनेनं तिचा हात धरला. "चल लवकर. होडी दिसतेय अजून."

दोघी किनाऱ्यापर्यंत धावल्या. मागून आणखी पोरं, आणखी आया. होडीवर कुणीतरी कापड हलवत होतं; कोण ते इतक्या लांबून कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनीच हात हलवले. होडी ठिपक्याएवढी झाली, मग तेवढीही दिसेना. बाकीची पोरं पांगली. ओफेइना वाळूत बसली ती बसलीच. बोलेना. लोसालिने तिच्या शेजारी बसली. समजूत घालायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. वाळूत पडलेला काथ्या उचलला आणि मांडीवर वळायला घेतला. दोरी हातभर लांब झाली.

"लोसा," पोरगी शेवटी समुद्राकडे बघतच म्हणाली, "मला तहान लागलीय. शहाळं आण. कोवळं बघून आण."

हुकूम तो हुकूम, आणि सूर हुबेहूब नणंदेचा.

"आणते, बाई," म्हणत लोसालिने वाळू झटकून उठली.