टोप घातलेलं डुक्कर

पहिला ठसा

डुक्कर टबात डुंबतंय. डोक्यावर तीन वेटोळ्यांचा पांढरा केसांचा टोप. मागे बायका, हातात रिकामे घडे.

एवढंच चित्र. पण माद्रिदच्या खालच्या पेठेत टोप कोणाचा, हे कोणाला विचारावं लागलं नाही. चौकातल्या कारंज्याचं पाणी स्वतःच्या बागेकडे वळवणारा पेठेचा अधिकारी मेल्चोर, आणि तीन वेटोळी त्याचीच.

कासिल्दाने हे चित्र तेजाबाने तांब्याच्या पत्र्यात कोरायला अख्खा हिवाळा घालवला होता. पत्रा गेला की चित्र गेलं. म्हणून मेल्चोर शिपायासह तिच्या चित्रं छापायच्या दुकानात शिरला तेव्हा तिने आधी पत्र्यावर हात ठेवला.

"हे कोण?"

"डुक्कर, साहेब."

"माझ्यासारखं दिसतंय."

"तसं शपथेवर लिहून द्याल?"

शिपाई उगाच खोकला. छापयंत्र फिरवणारे तिबुर्सियो काका शाईच्या डब्यावर वाकून हसले.

"टोप काढ! आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर पत्रा भट्टीत घालतो."

दुसरा ठसा

खरवडलं. घासलं. तांब्यात कोरलेली रेघ सहजी मरत नाही, तळाशी सावली उरते. कासिल्दाने शाई लावली, फडक्याने पुसली, मग तळहाताने, मग पुन्हा तळहाताने, त्या सावलीतली शाईही निघेपर्यंत. काकांनी चाक फिरवलं.

टकलू डुक्कर.

"हं. हे कोणीही असेल," म्हणत मेल्चोरने कागदाखाली सही ठोकली: विकायला हरकत नाही.

तो गेल्यावर काका म्हणाले, "हरलीस की गं पोरी."

"हा सहीवाला ठसा खिडकीत लावा, काका. आणि आता फडकं जरा हलक्या हाताने फिरवा."

तिसरा ठसा

पत्र्यावर शाईचा पातळ थर राहू दिला, आणि टकलावर तीन वेटोळी उमटली. धुरकट, भुतासारखी.

"अगं बाई, खरवडला तरी टोप याला सोडेना!" चौकात घडेवाल्या हसून लोटपोट.

मेल्चोर तक्रार करणार कशी? टोप माझा, हे कबूल करावं लागलं असतं. त्याने अक्कल लढवली. रविवारी प्रार्थनेला टोप न घालताच, टक्कल उघडं टाकून आला.

चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. मग मागच्या बाकावरची म्हातारी रामोना शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "हा तर खिडकीतला! सहीवाला!"

पाद्र्यालाही पुस्तकाआड तोंड लपवावं लागलं.

सोमवारी शिपाई एकटाच आला. "साहेब विचारतात, चौथा ठसा निघणार का?"

"निघेलही. कारंजं कोरडं असलं की मला फार सुचतं. सांग त्यांना."

चौथा ठसा

निघाला नाही. संध्याकाळी कारंज्याला पाणी आलं आणि रांग लागली. पहिले तिबुर्सियो काका, शाईचे हात धुवायला.

"आटपा की हो काका," मागून कासिल्दा म्हणाली, "साहेबांच्या बागेतलं पाणी आहे, फुलांचा वास आहेच त्याला, साबण कशाला लावताय?"