ओहोटीला बोलणारा मोडेम

मित्रांनो, समुद्राला विचारून काम करणारा मोडेम तुम्ही कधी पाहिला आहे काय? नसेल, तर माझ्याकडे नीट पाहा. मुरुडच्या अलीकडे, टेकडीच्या कुशीत एक लहानसा कोळीवाडा आहे. तिथे सत्यवतीकाकींच्या फ्रिजवर बसलेला, कधीकाळी पांढरा आणि आता पापलेटाच्या पाठीसारखा करडा झालेला, तो मी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एका तासात आम्ही हजार भावंडे जन्मलो, असे मी सांगत असतो. खरे तर मोजायला वेळ कुणाला होता? खोक्यातून बाहेर आलो तेव्हा समोर काकी उभ्या होत्या. खारा वारा लोखंडाला खातो, मग या एवढ्याशा जिवाचे काय, म्हणून त्यांनी त्याच दिवशी जुन्या लुगड्याचे टोपडे शिवून मला घातले. दिवे दिसावेत म्हणून पुढे चार भोके ठेवली. असे लाड झालेला मोडेम साऱ्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल.

टेकडीमुळे वाड्यात मोबाइलला रेंज मिळत नसे. बाहेरच्या जगाशी बोलायचे तर टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून, म्हणजे माझ्यामार्फतच. पण त्या तारेचा एक जोड खाडीच्या पुलाखाली होता. भरती चढली की जोडात पाणी शिरे आणि मी मुका होई. त्या जोडात एक चिंबोरी संसार करून राहिली होती आणि माझे अर्धे निरोप तीच वाचत असे. पटत नसेल तर सोडून द्या.

सुरुवातीला मला फार बोलणी बसली. मग एके दिवशी काकींचे यजमान अंबाजीकाका जाळे सांधता सांधता थांबले आणि खो खो हसू लागले.

"अगो, हा बिघडला न्हाय. मानसाला बोट लागते ना, तशी ह्याला भरती लागते!"

"मोडेमला?"

"व्हय. ओहोटी होऊ दे, मग बघ कसा पोपटावानी बोलतो."

आणि तसेच झाले. त्यांचा मुलगा विनेश मालवाहू जहाजावर नोकरीला निघाला, तेव्हा उंबऱ्यातच म्हणाला, "आये, ओहोटीला फोन करीन." कोळ्याचाच पोर तो. जहाजावरच्या खोलीत त्याने तिथींचे कॅलेंडर लावले होते. तिथीवरून बोटांवर हिशेब करून तो आपल्या खाडीची ओहोटी काढी. ती रोज पाऊण तास पुढे सरके, तसा त्याचा फोनही सरके. जहाज ब्राझीलला असो की जपानला, आमची ओहोटी त्याने चुकवली नाही. सात वर्षे त्याचा आवाज माझ्यातून या घरात आला. काकी मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या गालाला बोट लावत, तेव्हा माझ्या अंगातून काय जात असे, ते तारेलाच ठाऊक.

मग कंपनीने तांब्याची तार बंद करून काचेची, म्हणजे फायबरची, आणली. स्वप्निल नावाचा तंत्रज्ञ येऊन नवा काळा डबा भिंतीवर ठोकून गेला. "काकी, आता चोवीस तास नेट. भरती आली काय नि ओहोटी आली काय!" तो मलाही न्यायला निघाला होता. काकींनी त्याच्या हातातून मला काढून घेतले. "ऱ्हाऊ दे त्याला. घरचा हाय तो."

पहिल्या दिवशी विनेशने तीनदा फोन केला. दुसऱ्या दिवशी एकदा. मग "आये, आता कवाही करता येतो ना, निवांत करतो" असा निरोप आला. त्या निवांतपणाने बारा दिवस खाल्ले. काकी रोज ओहोटीला चहाचा कप घेऊन नव्या डब्याखाली येऊन बसत आणि चहा तसाच गार होई. त्याचे सगळे दिवे हिरवेगार, आणि घरात चिडीचूप. फ्रिजवरून मी पाहत होतो. मला तर वायरच नव्हती.

तेराव्या दिवशी भरती चढू लागली. काकी उठल्या आणि त्यांनी नव्या डब्याचे बटण बंद केले. ओहोटी लागली तेव्हा चालू केले. दुसऱ्या दिवशी तेच. जाळ्यावरून डोके वर न काढता काका म्हणाले, "नवऱ्याला फशिवलंस ते ठीक, आता कंपनीला पन?"

"तुमी गप बसा हो."

चौथ्या दिवशी, ऐन ओहोटीत, फोन वाजला. विनेश घाबराघुबरा झाला होता. "आये, दोन येळा लावला, लागतच न्हाय! नव्यातपन पानी शिरतंय?"

"शिरतंय रे बाबा," काकी म्हणाल्या. मी ओशाळलो. माझा जन्माचा दोष त्यांनी त्या निर्दोष नव्या डब्याच्या माथी मारला होता. आणि खरे सांगू, मला बरेही वाटले.

पण विनेशने जहाजावरूनच तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेलाच स्वप्निल दारात हजर! त्याने बंद बटण पाहिले. काकींकडे पाहिले. काकी पदराचा काठ चिमटीत धरून उभ्या होत्या. "काकी, काचेत पाणी शिरत नाही," एवढेच तो म्हणाला, बटण दाबून गेला, आणि जाताना विनेशला कळवून गेला.

आता पोरगा रागावणार आणि ओहोटीचा फोनही जाणार, या भीतीने काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी सव्वा वाजता फोन वाजला.

"आये, स्वप्निलनं सांगितलं मला."

तिकडे जहाजाचे इंजिन तेवढे घरघरत होते. मग विनेश खाकरला.

"उद्याची ओहोटी कितीला हाय? हितं हिशेब चुकतोय माझा."

काकींच्या आधी काकांनीच बोटे मोजली आणि ओरडून सांगितले, "आज नवमी. उद्या दोनला! आनि चुकलास तर बघ!"

मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी वायर लावली असती, तर मी पुन्हा एकदा, भर भरतीतसुद्धा, बोललो असतो. माझ्यावरची धूळ झटका वा झटकू नका. पण जे माणूस 'कधीही भेटेल' असे तुम्हाला वाटते, त्याच्यासाठी आजच एक वेळ ठरवून टाका. तिकडे कुणाचा तरी चहा रोज गार होत असतो.