दातांच्या दवाखान्यातलं बाळंतपण

मी पाकट मासा बोलतेय. चपटी, गोल, मागे चाबकासारखी शेपूट आणि त्या शेपटीवर एक विषारी काटा. माझ्या अंगात हाड म्हणून नाही. तुमच्या नाकाच्या शेंड्याला जी मऊ कूर्चा असते, तिचाच माझा सगळा सांगाडा. हे पहिल्यांदा कळलं की लोक हळहळतात, जणू हाडं असूनही ज्यांना कणा नाही अशी माणसं त्यांनी कधी पाहिलीच नाहीत.

जन्म माझा नदीतला नाही. मासे पैदा करणाऱ्या एका माणसाच्या सिमेंटच्या हौदात मी जन्मले आणि बशीएवढी असताना दुकानात आले. तिथे एक दातांचे डॉक्टर मला न्याहाळत उभे राहिले.

"केवढी होईल ही मोठी झाल्यावर?" त्यांनी विचारलं.

"टाकी जेवढी, तेवढीच साहेब," दुकानदार म्हणाला. "टाकी बघूनच वाढतात हे."

ज्या माणसाने लोकांच्या जबड्यात न मावणाऱ्या अक्कलदाढा उपटण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याने ही थाप कशी गिळली, हे मला आजही कळलेलं नाही. पण गिळली खरी.

अशी मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आले. टाकीत निळा दिवा, प्लॅस्टिकचं बुडालेलं जहाज आणि तळाला रंगीत खडे. मी वाळूत अंग पुरून बसणारी. खड्यांवर बसले की पोट सोलवटायचं. पाणी तापवायच्या कांडीला जाळी नव्हती, तिला अंग घासलं तर पाठीवर भाजल्याचा पट्टा उठला. डॉक्टर पेशंटना सांगायचे, "ही नक्षी जन्मापासूनची आहे."

वाढायचं तेवढी मी वाढले. टाकीशी माझं काही बोलणं झालेलं नव्हतं. वळायला जागा उरली नाही तेव्हा मी काचेवर चढू लागले, आणि इथून माझं कौतुक सुरू झालं. माझं तोंड आणि नाकपुड्या पोटाकडे असतात. डोळे वर पाठीवर. लोकांनी नाकपुड्यांना डोळे ठरवलं, तोंडाला हसू ठरवलं. "बघ ना, किती गोड हसतेय," असं म्हणत गाल सुजलेली माणसंसुद्धा माझ्याबरोबर फोटो काढायची. मी बिचारी सुटायची वाट शोधत काच चाचपत होते, आणि माझे खरे डोळे पलीकडच्या भिंतीकडे. डॉक्टरांनी लगेच पाटी लावली : 'आमच्याकडे मासेही हसतात.' माझे दात झिजून पडतात आणि त्यांच्या जागी आपोआप नवे येतात, हे मात्र त्यांनी कुठे लिहिलं नाही. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं ते.

मग एक दिवस त्यांना वाटलं, हिला एकटीला करमत नसेल. माणसांना हे फार वाटतं. त्याच टाकीत त्यांनी एक नर आणून सोडला. आमच्यातले नर मादीला पटवतात ते चावून. पंखाची कड दातात धरायची आणि सोडायची नाही, ही त्यांची रीत. नदीत मादी दूर निघून जाऊ शकते. मी कुठे जाणार, जहाजामागे?

काउंटरवरच्या बाई मला रोज गांडुळं घालायच्या. त्यांनी पाहिलं. "डॉक्टर, तिच्या कडेला चावे दिसतायत."

"कुणाचे?"

"दातांचे डॉक्टर तुम्ही. तुम्हीच ओळखा."

"नवीन आहेत दोघं. भांडतात, मग होते सवय," असं म्हणून डॉक्टर आत गेले.

पुढे माझी पाठ फुगायला लागली. डॉक्टरांनी निदान केलं, खाणं जास्त होतंय. त्यांनी माझं खाणं निम्म्यावर आणलं आणि वर बाईंना बजावलं, "लाड करू नका. वजन वाढलं की सगळे आजार येतात." हे सांगताना त्यांचं स्वतःचं पोट काचेला टेकलं होतं.

मी अंडी घालून मोकळी होणाऱ्यांतली नाही. पिल्लं माझ्या पोटातच वाढतात आणि गर्भाशयात दुधासारखा रस सुटतो, तो पीत राहतात. आईला खायला नसेल तर तो रस कुठून येणार? डोळ्यांमागचं माझं अंग खोल गेलं, कंबरेच्या कूर्चा वर दिसू लागल्या, फक्त मधला फुगवटा वाढत राहिला. पिल्लं माझं मांस खात होती म्हणा ना.

वाचले ती डॉक्टरांच्या ताईमुळे. ताईंचं बाळंतपणाचं हॉस्पिटल त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. दाढ भरून घ्यायला त्या खाली आल्या, आणि नंबर येईतो माझ्यासमोर बसल्या. सवयीने त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अरे, ही पोटुशी आहे," त्या म्हणाल्या.

"ताई, तुला सगळीकडे पोटुशा बायकाच दिसतात."

"आणि तुला सगळीकडे कीड. ते बघ, पाठ आतून हलतेय. काय खायला घालतोस हिला?"

"सध्या डाएटवर आहे."

ताईंनी भावाकडे असं पाहिलं, की ते थोरले डॉक्टर क्षणात धाकटा भाऊ झाले. दाढ तशीच ठेवून त्यांनी बाईंना हाक मारली आणि माझं जेवण पूर्ववत केलं. नराला वेगळं ठेव, असंही बजावलं. डॉक्टर म्हणाले, "बघतो." ते बघतच राहिले.

भर सकाळी, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना मी बाळंत झाले. पिल्लं चटईसारखी गुंडाळलेली बाहेर आली. दोन उलगडली आणि पोहू लागली. तिसरं उलगडलं नाही. खड्यांवर तसंच पडून राहिलं, गुंडाळीच्या गुंडाळी. लोक म्हणाले, "तीन झाली, तीन झाली," आणि फोटो काढत राहिले. ते तिसरं त्या फोटोंत अजून असेल.

आमच्यात बाळंतीण झाली की नर लगेच पुन्हा मागे लागतो. तो माझ्या कडेला लोंबकळला, मी टाकीभर धडपडले, पिल्लं आमच्याखाली सापडू लागली. बाई ओरडल्या. डॉक्टर आतून धावत आले, हातात जाळी. पाकटाला जाळीने धरायचं नसतं, काटा अडकतो. काटा अडकला. तो सोडवायला त्यांनी हात घातला, मी शेपूट झटकली आणि काटा त्यांच्या अंगठ्याजवळ घुसला. नेम धरला नव्हता. धरला असता तरी कुणी दोष दिला नसता.

डॉक्टरांची आरोळी जिन्यापर्यंत गेली. तोंडात कापूस असलेला पेशंट खुर्चीवरून उठून कापसासकट घरी गेला. ताई धावत खाली आल्या. "गरम पाणी आणा, सोसेल एवढं गरम," त्या म्हणाल्या आणि भावाचा हात त्यात बुडवून धरला. माझं विष उष्णतेने मवाळ होतं. डॉक्टर लहान मुलासारखे रडत होते.

"अजिबात दुखणार नाही," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्या दवाखान्यात रोज ऐकू यायचं, पण खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो, ते डॉक्टरांना कुणी दाखवलं नव्हतं. मग त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. मागे बाईंनी काउंटरवरचा प्लॅस्टिकचा फळा टाकीत मधोमध उभा खुपसला आणि नराला पलीकडे कोंडलं.

हात सुजलेला, काम बंद. डॉक्टर बरेच दिवस पेशंटांच्या खुर्चीत बसून राहिले. माझ्यासमोर एवढा वेळ ते पहिल्यांदाच बसले होते. मी एका काचेवरून दुसऱ्या काचेवर जायची, वळायची, परत यायची. बघता बघता त्यांनी मान खाली घातली.

"मोठी टाकी करतो," ते ताईंना म्हणाले.

"कुठे? भिंत पाडणार आहेस?"

डॉक्टरांनी भिंत न्याहाळली. मग त्यांनीच मत्स्यालयात फोन केला. तिथली माणसं जाळी न आणता टब घेऊन आली आणि आम्हा सगळ्यांना पाण्यातल्या पाण्यात नेलं.

आता मी मत्स्यालयात असते. उथळ पसरट हौद, तळाला मऊ वाळू. अंग पुरून घेतलं की फक्त डोळे आणि त्यांच्यामागची श्वासाची भोकं वर राहतात. नर दुसरीकडे आहे, त्याची आठवण येत नाही. माझ्या दोन्ही पिल्लांना मोठी झाल्यावर इथेच सोडलंय, आणि कठड्यावर पाटी आहे : 'आईची माया'. बायका ती वाचून डोळे पुसतात. मला त्या दोघी इतर पाकटांतून ओळखूसुद्धा येत नाहीत. पण इतक्या लोकांचा हिरमोड कोण करणार?

डॉक्टर अधूनमधून येतात. मित्र बरोबर असले की अंगठ्याजवळचा व्रण दाखवून माझ्याशी झालेल्या झुंजीचं वर्णन करतात. दर खेपेला मी थोडी मोठी होते. दुकानदार म्हणाला होता तसं टाकीप्रमाणे नाही, गोष्टीप्रमाणे.

गेल्या खेपेला मात्र ते एकटे आले. देखभाल करणाऱ्या बाईंना विचारून त्यांनी बाही वर केली आणि तोच हात पाण्यात पालथा ठेवला. मी वाळूतून निघाले आणि त्यावरून गेले. आमच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, समोरच्या जिवाच्या स्नायूंतली वीज त्यांना जाणवते. वाळूतलं गांडूळ मी असंच शोधते. डॉक्टरांच्या हातात ती नुसती सळसळत होती. ते घाबरले होते, चांगलेच घाबरले होते. पण त्यांनी हात काढला नाही, आणि मला धरलंही नाही.

मी आणखी एकदा वरून गेले. मग वाळूत जाऊन बसले, कारण खायला त्यांनी काही आणलं नव्हतं.

चला, तुम्हीही निघा आता. काचेवर टिचक्या मारू नका, आणि जाताना पाटी वाचून रडणाऱ्या त्या माऊलीला सांगा, तिचा रुमाल हौदात पडलाय.